फुटपाथवरचा स्टॉल आणि निसर्गातली प्रतीकं

कोल्हापुरात जी. डी. आर्ट केलेल्या एका तरुण चित्रकाराने विचारलं आहे: "मी जलरंगात कमळ, घुबड, पिंपळ अशी निसर्गातली प्रतीकं रंगवतो. उघड्यावरच्या प्रदर्शनांत स्टॉल लावून पोट भरेल का? तिथलं आयुष्य कसं असतं? आणि लोक 'या चित्राचा अर्थ काय' असं विचारतात तेव्हा काय सांगायचं?"

हे तिन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच देते. मी लिनोकट आणि वुडकट करते, म्हणजे लिनोलियमवर किंवा लाकडावर चित्र खोदून त्याचे कागदावर छाप काढते, आणि बरीच वर्षं ते मांडवात, मैदानात, फुटपाथवर विकते आहे. एवढ्या काळात माझं एक मत पक्कं झालं. निसर्गातून प्रतीक शोधणाऱ्या चित्रकाराला उघड्यावरच्या प्रदर्शनासारखी दुसरी शाळा नाही. गॅलरीत येणारा माणूस चित्रं पाहायचं ठरवून आलेला असतो. फुटपाथवरून जाणारा स्टेशन गाठायला निघालेला असतो, आणि त्यातले कितीतरी जण तुम्ही काढलेल्या झाडाखाली लहानाचे मोठे झालेले असतात. ते झाड कधी पानं टाकतं, त्याच्यावर कोण राहतं, त्याचं लाकूड कशाला येतं, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. तुमचं प्रतीक तुम्ही स्वतः पाहून कमावलंय की कुठून उचललंय, हे तो माणूस दोन मिनिटांत ओळखतो.

आधी पोटाचं. हा धंदा हंगामी आहे. दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आसपास आटोपतो. डिसेंबरात पुण्यात भीमथडी जत्रा, २१ ते ३० डिसेंबर उदयपूरला शिल्पग्राम उत्सव, जानेवारीत बंगळूरला चित्रसंते हा चित्रांचा बाजार, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत मुंबईत काळा घोडा महोत्सव आणि फेब्रुवारीत फरिदाबादला सूरजकुंड मेळा. त्यानंतर ऊन, मग पाऊस. उरलेल्या महिन्यांत काम करायचं, शिकवणी घ्यायची, कुणाच्या पुस्तकाला चित्रं करून द्यायची. त्यामुळे हातात नोकरी असेल तर एकदम सोडू नका. दोन हंगाम रजा काढून स्टॉल लावा, गाडीभाडं, स्टॉलभाडं, राहणं, फ्रेमा असा सगळा खर्च वहीत लिहा, आणि मग ठरवा. माझ्या ओळखीचे जे टिकले आहेत ते सगळे वही लिहिणारे आहेत.

सगळे मेळे सगळ्यांसाठी नसतात. १९८७ पासून भरणारं सूरजकुंड आणि १९९४ मध्ये सुरू झालेलं दिल्ली हाट ही मुख्यतः हस्तकलेच्या कारागिरांची ठिकाणं. हाटातले स्टॉल पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीने फिरतात. जलरंगात काम करणाऱ्याला चित्रसंते जास्त जवळची. जानेवारीतल्या एका रविवारी कर्नाटक चित्रकला परिषदेसमोरचा कुमारकृपा रस्ता वाहनांना बंद होतो आणि दुतर्फा चित्रकार बसतात. एकच दिवस असल्यामुळे लोक घ्यायचं ठरवूनच घराबाहेर पडतात. घरातली माणसं, पोरंबाळं, आजी-आजोबा सगळे. मुंबईत काळा घोडा महोत्सव १९९९ पासून होतो, नऊ दिवस चालतो, आणि तिथली गर्दी पाहणाऱ्यांची जास्त, घेणाऱ्यांची कमी. पण पाहणारे कोणत्या कोणत्या गावचे असतात! एरवीही जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेरच्या फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं लावून बसतात. ती १९५२ सालची गॅलरी आत आणि हा फुटपाथ बाहेर, दोन्हीकडे एकाच दिवशी फिरून या. कोणत्या बाजूला लोक मोठ्याने बोलतात ते ऐका.

तिथल्याच काळा घोडा चौकाची गोष्ट बघा. तिथे राजा सातव्या एडवर्डचा घोडेस्वार पुतळा होता. १९६५ मध्ये तो हलवून राणीच्या बागेत नेला. राजा गेला तरी चौक काळ्या घोड्याचाच राहिला, कारण मुंबईकरांनी राजाकडे कधी पाहिलंच नव्हतं, त्यांची नजर घोड्यावर होती. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला तो स्वाराविनाच. पुतळा उभारणाऱ्यांच्या मनात एक अर्थ होता, रस्त्यावरच्या लोकांनी दुसराच घेतला, आणि टिकला तो लोकांचा. प्रतीकांचं असं होतं. तुमच्या चित्रांचंही होईल, आणि ते व्हावं.

आता दिवस कसा जातो ते. सकाळी लवकर पोचायचं, रात्री झाकलेलं सोडायचं, जाळी पुसायची, चित्रं एस-हुकांना अडकवायची. पहिलं गिऱ्हाईक येऊन भवानी होईपर्यंत पोटात थोडी धाकधूक असते, कितीही वर्षं झाली तरी. भवानीला मी भाव ताणत नाही. कुणी पोस्टकार्ड घेतलं तरी ते पैसे कपाळाला लावून गल्ल्यात टाकते. दुपारी ऊन, घोट्यापर्यंत सुजलेले पाय, आणि नंतर समुद्राकडून येणारा खारा वारा. हा वारा गंभीरपणे घ्या. चहूबाजूंनी कापड लावलेला मांडव वाऱ्यात शिडासारखा भरतो. प्रत्येक खांबाला पाण्याचा २० लिटरचा कॅन बांधा. म्हणजे २० किलो वजन प्रत्येक पायाला, आणि प्यायला पाणीही तेच. आयोजक देतात त्या सुतळीवर भरवसा ठेवू नका, स्वतःची नायलॉनची दोरी न्या.

स्टॉलची जागा निवडायची मुभा मिळाली तर उत्तरेकडे तोंड असलेला घ्या. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलतो, त्यामुळे उत्तराभिमुख स्टॉलच्या पाठीवर ऊन पडतं, चित्रांवर नाही. काचेच्या फ्रेमा उघड्यावर नेऊ नका. काचेत बघणाऱ्याला समोरचा रस्ता आणि स्वतःचा चेहरा दिसतो, चित्र दिसत नाही. शिवाय वाहतुकीत फुटते. दोन-तीन मोठी चित्रं ॲक्रिलिक शीटच्या फ्रेमेत, बाकीची माउंट करून, म्हणजे जाड पुठ्ठ्यावर लावून, पारदर्शक पाकिटात. माउंटला चित्र फक्त वरच्या कडेने चिकटवा, कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या पिठाची खळ वापरून. चारही बाजूंनी चिकटवलेला कागद मुंबईच्या दमट हवेत फुगतो, त्याला पसरायला जागा मिळत नाही, आणि मग तो लाटा मारतो. सेलोटेप तर अजिबात नको, काही काळात पिवळी पडून कागदात उतरते. मी प्रिंटसाठी पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद वापरते. जलरंगाला तुमचा नेहमीचा असेल तोच ठेवा, स्टॉलसाठी हलका कागद घेऊ नका.

किमतींबद्दल थोडक्यात. तीन थर ठेवा: पोस्टकार्ड आणि छोटे छापील कागद, मधल्या आकाराचं हाताने केलेलं काम, आणि दोन-चार मोठी चित्रं. मोठी चित्रं माणसाला थांबवतात, मधली विकली जातात, पोस्टकार्डांवर चहापाणी निघतं. भाव चिठ्ठीवर लिहून लावा. घासाघीस करणाऱ्यावर रागावू नका, पण मूळ चित्राचा भाव पाडू नका. त्याऐवजी एक कार्ड वर द्या. क्यूआर कोड दोन ठेवा, एक वाऱ्याने उडतोच.

शेजारच्या स्टॉलशी पहिल्या तासात ओळख करून घ्या. जेवायला, स्वच्छतागृहात जायला तोच तुमचा आधार. बाई म्हणून हे मी जरा जास्त ठासून सांगते: अनेक मेळ्यांत स्वच्छतागृहं दूर आणि थोडी असतात, आणि ते टाळायला पाणी कमी प्यायची सवय बायकांना लागते. आयोजकांना अर्ज करतानाच याबद्दल विचारा. तुम्ही पुरुष असलात तरी तुम्हीही विचारा. सगळ्यांनी विचारलं तरच ते सुधारतं.

आणि स्टॉलवर रिकामं बसू नका. काम करत बसा. मी लिनोचा तुकडा खोदत बसते. खोदणारा हात दिसला की लोक थांबतात, मुलं तर खालीच बसतात. तुम्ही रंगवत बसा. पण नवं प्रतीक तिथे शोधू नका, गर्दीत ते जमत नाही. घरून रेखाटनं आणलेली असावीत, तिथे फक्त रंग भरायचे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुम्ही म्हणता तुम्ही निसर्गातली प्रतीकं रंगवता, आणि तुमच्या यादीत घुबड आहे. तुमच्या मनात घुबड म्हणजे ज्ञान, असं असेल तर थोडं थांबा. हा अर्थ ग्रीकांच्या अथीना या ज्ञानदेवतेकडून आला, इंग्रजी पुस्तकांतून आपल्या शाळांच्या बोधचिन्हांवर बसला. आपल्याकडे घुबड लक्ष्मीचं वाहनही आहे आणि अपशकुनीही आहे. गावाकडे सांगतात, घुबडाला दगड मारू नये. ते दगड उचलून नेतं, नदीवर घासत बसतं, आणि तो झिजतो तसा मारणारा माणूस झिजतो. तुमचं चित्र कितीही सुंदर असलं तरी स्टॉलसमोर उभी असलेली बाई म्हणेल, "छान आहे हो, पण घरात कसं लावू?" ती अडाणी आहे म्हणून असं म्हणत नाही. तिच्याकडे त्या पक्ष्याच्या रात्रीच्या आवाजाची आठवण आहे, आणि तुमच्या चित्रात तो आवाज कुठेच नाही. मग काय, घुबड काढायचंच नाही? काढा, पण पिंगळा, म्हणजे आपलं लहान घुबड, बघून काढा. जुन्या आंब्याच्या ढोलीत जोडीने राहणारा, संध्याकाळी दारात येऊन बसणारा, माणूस दिसला की मान वरखाली करून अंतर जोखणारा पिंगळा. वटारलेले पिवळे डोळे, वर पांढऱ्या भुवया. ती जोडी वर्षानुवर्षं एकाच झाडाला धरून असते. हे सगळं तुमच्या चित्रात आलं तर त्याच बाईला आपल्या परसातला आंबा आठवेल, आणि ती भीतीपलीकडचं काहीतरी बोलेल. मी हे होताना पाहिलं आहे.

माझ्या कामाचा जीव गेली कित्येक वर्षं सुगरणीच्या खोप्यात अडकला आहे, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर सांगते. आमच्याकडे कृष्णेच्या खोऱ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळींना हे खोपे लटकतात. आपल्याला खोपा म्हटलं की आई आठवते, पिलांसाठी झटणारी मादी आठवते. पण विणतो तो नर. पावसाची चाहूल लागली की त्याचं डोकं आणि छाती पिवळीधमक होते. तो उसाच्या किंवा उंच गवताच्या पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडतो, तिथे धरतो आणि उडतो. पात्याच्या लांबीचा एक दोरा सोलून निघतो. असे शेकडो दोरे. आधी फांदीला गाठी, मग उभं कडं, मग कड्यावर घुमट. घुमट झाला की तो थांबतो. आतल्या बाजूला ओल्या चिखलाचे गोळे लिंपतो आणि त्या अर्धवट खोप्याला लटकून, पंख फडफडवत ओरडायला लागतो. माद्या येतात. एखादी आत शिरते, विणकाम ओढून बघते, बाहेर येते, दुसऱ्या घुमटात जाते. पसंत पडलं तर पुढे अंड्यांची खोली आणि येण्याजाण्याची लांब नळी विणली जाते. नाही पसंत पडलं, तर तो घुमट तसाच लटकत राहतो. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला या पक्ष्यांचं निरीक्षण केलं आणि दाखवून दिलं की एक खोपा पसंत पडून मादी अंड्यांवर बसली की नर लगेच दुसऱ्या मादीसाठी पुढचा खोपा विणायला घेतो.

मी किहीमचं हे वाचलं आणि मग सबंध पावसाळा विहिरीवर जाऊन बसले. तेव्हापासून मी पुरा खोपा जवळजवळ काढलाच नाही. मी अर्धवट घुमट काढते. उघड्यावर मांडलेलं काम, कुणीतरी येऊन पारखून पाहील म्हणून सोडलेली जागा, नाकारलेलं आणि तरीही झाडावरून न पडलेलं विणकाम. हा अर्थ मी शोधून त्या खोप्यावर चिकटवला नाही. तो पक्षी जसा वागतो त्यातच तो होता, मला फक्त तिथे बसून राहायचं होतं.

आणि लोकांनी त्यात काय काय पाहिलं! एका मध्यमवयीन गृहस्थांनी बराच वेळ बघून सांगितलं, त्यांचं घराचं बांधकाम स्लॅबपर्यंत येऊन बिल्डरमुळे थांबलं आहे. ते चित्र त्यांनी घेतलं. एका मुलीने मैत्रिणीला सांगितलं, "ही स्थळं बघणं चाललंय," आणि दोघी खूप हसल्या, नंतर गप्प झाल्या. पण माझ्या मनात राहिले ते धोतर-टोपीतले एक शेतकरी बाबा. मुलाकडे मुंबईत आले होते. त्यांनी प्रिंट दूर धरून पाहिलं आणि विचारलं, "उगवतीच्या अंगाला काढलेत ना?" कारण पाऊसवारा नैऋत्येकडून येतो, आणि खोपे बहुतेक वेळा झाडाच्या पूर्वेच्या आडोशाला असतात. चित्रात बाभळीचा सगळा झोक एकीकडे आणि खोपे दुसरीकडे होते, ते त्यांनी बरोबर हेरलं. मग मला म्हणाले, "निम्मे खोपे रिकामेच असत्यात, पर पाखरू इनायचं थांबत न्हाई." हे वाक्य कुठल्याही कलासमीक्षेत मला मिळालं नसतं. ते बाबा काही न घेता गेले, आणि त्यांनी मला त्या दिवसाच्या सगळ्या विक्रीपेक्षा जास्त दिलं.

पळसाचंही तसंच. आपला हंगाम संपता संपता, फेब्रुवारी-मार्चमध्ये, पळस पानं टाकून फुलतो. चित्रकार त्यात वसंत बघतो, ज्वाळा बघतो, आणि ते खोटं नाही. पण जवळ जा. तीन पानांचा जो गुच्छ असतो त्यात मधलं पान दोन्ही बाजूंनी सारखं आणि कडेची दोन तिरकी, एका बाजूला फुगलेली. फुलाच्या पाकळीवर मखमली लव, देठाकडचा वाटीसारखा भाग काळपट हिरवा. त्यात मध भरपूर, म्हणून दिवसभर सूर्यपक्षी, मैना, बुलबुल यांची झुंबड. गोंदियाकडच्या एका बाईंनी माझ्या पळसाच्या प्रिंटकडे बघून सांगितलं की त्यांच्या वडिलांच्या बांधावर पळसाच्या फांद्यांवर लाखेचा किडा पोसायचे. "आमच्याकडे पळस म्हणजे शाळेची फी," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून माझ्या पळसाच्या फांद्यांवर लाखेचं खरबरीत कवच आलं. लाल फुलं आणि ते करडं कवच शेजारी शेजारी छापल्यावर चित्राला वजन आलं, जे नुसत्या फुलांना कधी येत नव्हतं. एक सूचना मात्र आहे: पळसाच्या फुलांचा रंग काढून त्याने चित्र रंगवायचा मोह होतो. रंगपंचमीला तो उत्तम, पण उजेडात उडतो. विकायच्या चित्रात वापरू नका. जलरंगांत काही झगमगीत गुलाबीही असेच उडणारे असतात. ट्यूबवर टिकाऊपणाची खूण बघूनच घ्या, कारण तुमचं चित्र कुणाच्या तरी खिडकीसमोर लागणार आहे.

याला काही नवा शोध समजू नका, आपल्या मातीत हे फार जुनं आहे. चैत्र महिन्यात अंगणात चैत्रांगण काढतात ते आठवा: झोपाळ्यातली गौर, सूर्य-चंद्र, तुळस, गाईची पावलं, कासव, नाग, आंबा. ते काढणाऱ्या बायकांनी या सगळ्यांसोबत आयुष्य काढलेलं असतं. वारल्यांचं तर ठळक उदाहरण. वर्तुळ सूर्य-चंद्राकडून आलं, त्रिकोण डोंगर आणि टोकदार झाडांकडून, आणि चौकोन म्हणजे पूजेची राखलेली जागा. लग्नात सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात, आणि त्यात पालघाट देवी बसते. या तीन आकारांतून जिव्या सोमा मशे यांनी आख्खं जग उभं केलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या कागदावरच्या माशांच्या जाळ्याकडे किंवा मुंग्यांच्या रांगांकडे पाहिलं की कळतं, हा माणूस किती वेळ जमिनीवर वाकून बघत बसला असेल. तेच आकार आज कुर्त्यांवर, मगांवर, भिंतीच्या स्टिकरांवर छापलेले दिसतात आणि मला मनापासून वाईट वाटतं. आकार तोच असतो, पण त्यातलं बघणं गेलेलं असतं. वारली चित्र घ्यायचं असेल तर डहाणू-तलासरीच्या पाड्यावरच्या चित्रकाराकडूनच घ्या, आणि स्वतः ते आकार उचलू नका. तुम्ही कोल्हापूरचे आहात, तुमच्याकडे पाहण्यासारखं कमी नाही. तुमच्या गावचे जुने चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून त्याच पाण्याकडे, त्याच उजेडाकडे पुन्हा पुन्हा बघत राहिले. त्यांची निसर्गचित्रं बघितल्यावर कुणी 'अर्थ काय' असं विचारत नाही.

म्हणजे 'अर्थ काय' या प्रश्नाचं उत्तर अर्धं चित्रातच द्यायचं असतं. उरलेलं अर्धं तोंडी. माझी पद्धत सांगते. चित्राखाली मी कवितेसारखं नाव लिहीत नाही. झाड, जागा आणि महिना लिहिते: 'भिंतीतला पिंपळ, फाल्गुन'. कुणी अर्थ विचारला तर मी काय पाहिलं ते एका वाक्यात सांगते. "पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडतं, चुन्याच्या सांध्यातली ओल धरून ते रुजतं, आणि फाल्गुनात ही अशी तांबूस पालवी येते." बस. मग विचारते, "तुमच्याकडे आहे का असा?" यापुढे बोलायचं काम त्यांचं. पिंपळाच्या या चित्रासमोर एका तरुण जोडप्याला जिद्द दिसली, दगडातून उगवणारं रोप. थोड्या वेळाने आलेल्या एका गवंड्याने मान हलवली: "हे वेळेत काढलं नाही तर भिंत गेली." दोघांचंही खरं. पिंपळ भिंतीत रुजतो आणि भिंत फोडतो, दोन्ही एकाच मुळांनी. मी यातला एक अर्थ निवडून चिठ्ठीवर लिहिला असता तर दुसरा माणूस गप्प राहून पुढे गेला असता. लोक बोलतात ते रात्री वहीत लिहून ठेवा, खर्चाच्या वहीतच, मागच्या पानापासून.

तुमच्या कमळाबद्दलही सांगते, कारण तुमच्या यादीत पहिलं तेच आहे. चिखलात राहून निर्मळ, हा अर्थ इतक्यांनी इतक्या वेळा सांगितला आहे की बघणारा चित्राकडे न बघताच मान डोलावतो. कमळाचा एक तलाव शोधा आणि पहाटेपासून बसा. कमळाचं फूल तीन-चार दिवस उघड-मीट करतं. स्वतःची ऊब निर्माण करतं, बाहेरची हवा गार असली तरी आत ३० अंशांच्या वर. पहिल्या दिवशी त्यातला स्त्रीकेसर तयार असतो, रात्री पाकळ्या मिटतात आणि आत आलेले भुंगेरे त्या उबेत रात्रभर मुक्कामाला राहतात. पुढच्या दिवशी पराग सुटतो, फूल उघडतं, आणि ते भुंगेरे पराग अंगावर घेऊन दुसऱ्या फुलाकडे जातात. मिटलेल्या कमळात कोणीतरी सुखाने झोपलेलं आहे, हे कळल्यावर तुम्ही मिटलेलं कमळ पूर्वीसारखं काढूच शकणार नाही. पाकळ्यांवरचा आतला उजेड जलरंगात तुम्हाला जमेल असं मला वाटतं. माझ्या लिनोमध्ये तो येत नाही.

या हंगामासाठी असं करा. नवे पंधरा विषय शोधू नका. रंकाळ्याच्या काठची, किंवा तुमच्या रोजच्या वाटेवरची, एक जागा निवडा आणि पावसाळाभर तिथे जा. त्यातून आठ-दहा मधल्या आकाराची चित्रं करा, दोन मोठी. पहिल्या स्टॉलसाठी नऊ दिवसांचा मेळा नको. एका दिवसाची चित्रसंते घ्या. कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीने बंगळूर गाठता येतं आणि खर्च आटोक्यात राहतो. अर्ज काही महिने आधी करावा लागतो, म्हणून आत्तापासून चित्रकला परिषदेच्या सूचनांवर लक्ष ठेवा. अर्जासोबत पिंगळ्याचं चित्र जोडा, पण ते ढोलीसकट काढलेलं हवं. आणि जाताना चिमटे, नायलॉनची दोरी आणि मोठ्या प्लास्टिकचा एक तुकडा बॅगेत ठेवा. जानेवारीतही अवकाळी सर येते.